आकडा बरोबर, पकड नाही

सोलापुरात जन्मून कडक भाकरी न खाणारी बाई म्हणजे मी. लोक परगावी जाताना पिशवी भरून नेतात, शेंगाचटणीबरोबर कुडुमकुडुम खातात, आणि मी तीच भाकरी दुधात कुस्करून, तिचा पार लगदा करून खाते. कारण तिचा एक कोपरा हिरडीला लागला की माझं तोंड तासन्‌तास रक्ताळलेलं राहतं. पाहुण्या बायका विचारतात, दात पडले काय गं इतक्यात? मी म्हणते, दात शाबूत हायत आणि चावतात पण, बघायचंय का. मग अव्वा माझ्याकडं डोळे वटारून बघते.

अव्वा म्हणजे आई. आमच्या घरात कानडी आणि मराठी दोन्ही चालतात. वडील अप्पा, मोठी बहीण अक्का, धाकटा भाऊ तम्मा. अप्पांचं भुसाराचं दुकान आहे, मूळ गाव मैंदर्गी. मी शाळेत विज्ञान शिकवते. आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढं गोंधळ नको. अप्पा हे अव्वाचे सख्खे मामा. आमच्यात मामा-भाचीचं लग्न चालतं, नुसतं चालत नाही, चांगलं समजतात. त्यामुळं माझी आजी हीच माझी आत्या. शाळेत एकदा बाईंनी घरातली नाती लिहायला सांगितली, तर मी एकाच म्हातारीला दोनदा लिहिलं आणि बाईंनी एक खोडलं. मी भांडून ते परत लिहिलं.

मी तान्ही असताना सोनारानं कान टोचले तेव्हा पहिल्यांदा कळलं म्हणे. दुसऱ्या दिवशीही दुपट्यावर रक्त होतं. सगळ्यांनी सोनारालाच शिव्या घातल्या, त्याचा हात जड आहे म्हणून. नाक मात्र नंतर कुणी टोचायला धजलं नाही. पुढं पडायला झालं की निळेजांभळे डाग, दात पडला की उशी लाल. आणि पहिल्यांदा पाळी आली तेव्हा ती थांबेनाच. दवाखान्यात नेलं, मी पांढरीफटक पडलेली, आणि तिथले डॉक्टर कागद बघून म्हणाले, प्लेटलेट तर भरपूर आहेत, हिला काय झालंय? मुलगी घाबरट आहे, असंही म्हणाले. मला अजून तो माणूस रस्त्यात भेटला तर मी त्याला थांबवून विचारीन, घाबरून कुणाचं इतकं रक्त जातं का हो.

शेवटी पुण्याच्या एका रक्ताच्या डॉक्टरीणबाईंनी छडा लावला. आजाराला कुणा परदेशी डॉक्टरचं नाव आहे, ते आमच्या घरात कुणालाच नीट म्हणता येत नाही. मॅडमनी मला समोर बसवून समजावलं. मी तेव्हा दहावीत होते आणि पहिल्यांदाच कुणीतरी अव्वाशी न बोलता माझ्याशी बोलत होतं. म्हणाल्या, प्लेटलेटच्या अंगावर प्रथिनं असतात, निरनिराळ्या कामांची. काही जखम झालेली ओळखतात, काही प्लेटलेटला जागं करतात. जागी झालेली प्लेटलेट मग आपल्या अंगावरचं एक ठरावीक प्रथिन उघडते, रक्तातला एक धागा त्या प्रथिनात अडकतो, त्याच धाग्याचं दुसरं टोक शेजारणीच्या प्रथिनात अडकतं, आणि असं करत सगळ्यांचा गठ्ठा होऊन भोक बुजतं. तुझ्याकडं ते प्रथिनच नाही. तुझ्या प्लेटलेट वेळेवर येतात, जाग्याही होतात, पण एकमेकींना धरायला त्यांना हात नाहीत.

मला इतकं बरं वाटलं. आजार कळला म्हणून नाही, तर आकडा बरोबर असूनही माझं दुखणं खरं होतं म्हणून.

पण हे लोकांना सांगून बघा. डेंग्यूनं आमच्या अख्ख्या शहराला प्लेटलेट हा शब्द शिकवला आहे, आणि त्यातलं फक्त मोजणं शिकवलं आहे. माझ्या नाकातून रक्त आलं की कुणी पपईच्या पानांचा रस घेऊन येतं, कुणी शेळीचं दूध, सांगोल्याहून कुणी डाळिंबाची पेटीच पाठवतं. डाळिंबं मी ठेवून घेते. पपईचा रस मात्र एकदा आणणाऱ्या काकूंनाच अर्धा प्यायला लावला, त्यानंतर तो यायचा बंद झाला.

एकदा तर नाकातलं रक्त थांबेना म्हणून मला भरती केलं आणि तम्मानं आपले सगळे मित्र प्लेटलेट द्यायला गोळा करून आणले. पोरं जीव लावणारी, बाह्या वर सारून उभी. मी नाकात बोळा घालून पलंगावरून ओरडले की मला कुणाच्याही प्लेटलेट नकोत. तम्माला वाटलं मला वेड लागलं. पण मॅडमनी मला बजावून ठेवलं होतं. जे प्रथिन माझ्या शरीरानं जन्मात पाहिलं नाही, ते दुसऱ्याच्या प्लेटलेटवर दिसलं की माझ्या रक्तातल्या पहारेकरी पेशी त्याला शत्रू समजतात आणि त्याच्याविरुद्ध तयारीला लागतात. मग पुढच्या वेळी खरोखर जिवावर बेतलं, तर बाहेरून भरलेल्या प्लेटलेट माझं शरीरच मारून टाकणार. म्हणून ते हत्यार उगाच उपसायचं नाही. मी तिथल्या डॉक्टरांना मॅडमना फोन लावायला भाग पाडलं, नाकात नीट पट्टी भरून घेतली, रक्त थांबायच्या गोळ्या घेतल्या आणि घरी आले. नर्सबाई म्हणाल्या, लई हट्टी पेशंट. मी म्हणाले, म्हणूनच अजून पेशंट आहे.

हे सगळं सांगायचं कारण अक्काची मुलगी. माझी भाची. फार्मसीची पदवी घेऊन नुकतीच घरी आली होती, शांत, अभ्यासू, कुणाच्या अध्यात नाही मध्यात नाही. एका रविवारी अक्का आणि भावोजी तिला घेऊन जेवायला आले, आणि जेवणानंतर अप्पांनी सुपारी कातरता कातरता विषय काढला की पोरीचं आणि तम्माचं उरकून टाकू. पोरगा घरचा, पोरगी घरची. अक्का म्हणाली, काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला? सगळे हसले. तम्मा मूग गिळून बसला. भाची ताटं उचलून आत गेली. मी एका दमात मावशीची नणंद होणार होते आणि अव्वा आजीची सासू.

मी म्हणाले, करा, पण आधी दोघांच्या रक्ताची तपासणी. माझा आजार व्हायला आईबाप दोघांकडून त्या जनुकाची एकेक बिघडलेली प्रत यावी लागते. अव्वा आणि अप्पा दोघं धडधाकट, पण दोघांकडं ती एकेक होती, कारण दोघं एकाच घरचे. तम्माकडं असेल, अक्काकडून भाचीकडं आली असेल. दोघांकडंही निघाली तर त्यांच्या मुलाला माझ्यासारखं होऊ शकतं. शाळेत पोरांना वाटाण्याच्या शेंगांवरून शिकवते ते मी घरात पहिल्यांदा शिकवत होते, आणि घरातल्या वर्गाची अजिबात इच्छा नव्हती.

भावोजी म्हणाले, दोघं ठणठणीत असताना नसतं काढायचं कशाला. अक्का म्हणाली, लोकांना कळलं तर पोरीला बाहेरचं स्थळही येणार नाही. अप्पा सुपारीच कातरत राहिले. अव्वा मात्र जागची उठली, माझ्यासमोर आली आणि हळूच म्हणाली, "म्हणजे आमचं लगीन चुकलं, तू झालीस ती चूकच, असं म्हणतीस व्हय?"

 माघार घेणं माझ्या रक्तातच नाही. मी म्हणाले, "मी चूक न्हाय, अव्वा. माझं काय चुकलंय म्हणायची कुणाची छातीच न्हाय. पण माझ्यासारखी दुसरी येणार असंल, तर ती यायच्या आधी घराला ठाऊक पाहिजे. माझ्या वेळी सोनाराला शिव्या खाव्या लागल्या."

अप्पांनी अडकित्ता खाली ठेवला आणि म्हणाले, जाऊन या पुण्याला. अप्पा फार बोलत नाहीत, पण बोलले की विषय संपतो. अव्वा मात्र त्यानंतर माझ्याशी कामापुरतंच बोलू लागली.

मी, तम्मा आणि भाची सकाळच्या गाडीनं पुण्याला गेलो. तिथं दोघांचं रक्त घेतलं. मॅडमनी भाचीला पद्धतही सांगितली, ती फार्मसीवाली म्हणून. रक्तात एक चमकणारं रसायन घालतात, ते फक्त त्या प्रथिनालाच चिकटतं, मग यंत्रातून प्लेटलेट एकामागून एक पुढं जातात आणि कुणाच्या अंगावर किती चमक आहे ते दिसतं. ज्याच्याकडं एक प्रत बिघडलेली, त्याची चमक साधारण निम्मी. खात्रीसाठी जनुकाचीही तपासणी होणार होती, तिला वेळ लागणार होता. तम्मा हाताला बोळा दाबून बाहेर चहा शोधायला गेला.

आम्ही दोघी कँटीनमध्ये बसलो. भाचीनं इडली नुसती चिवडली. मग खाली बघत म्हणाली, "मावशी, दोघांचंही तसं निघालं तर लग्न मोडेल ना?"

मी म्हणाले, निघालं तरी मोडायलाच पाहिजे असं नाही, माहीत असून पुढं जाता येतं, डॉक्टर आहेत, उपाय आहेत. तिचा चेहरा पडला. इतके दिवस पोरीनं ताकास तूर लागू दिली नव्हती, आणि मला, नाकावर माशी बसू न देणारीला, काही दिसलं नव्हतं. मला वाटत होतं ती निकालाला घाबरते. ती तर निकालावरच आस लावून बसली होती.

मग तिनं सगळं सांगितलं. दुसरं कुणी मनात नाही. मामानं तिला लहानपणी सायकलवर डबलसीट शाळेत सोडलं, तिची रिबीन बांधली, तिला तो मामाच हवा होता. पुढं शिकायचं होतं. पण आजोबांना नाही म्हणायची हिंमत नव्हती. रक्तच नाही म्हणालं तर कुणाचंच मन दुखणार नाही, असं तिला वाटत होतं.

मला राग आला. खरंच आला. तिचा नाही म्हणता येणार, पण आला. इतकी वर्षं जो आजार मी एकटीनं ओढला, तो आता हिला आडोसा म्हणून हवा होता. मी म्हणाले, माझ्या खांद्यावर बंदूक ठेवू नकोस. माझा आजार मी कुणाला उसना देत नाही. ती रडायला लागली आणि तम्मा तीन चहा घेऊन आला. त्याला वाटलं सुई दुखली.

येताना गाडीत कुर्डुवाडी गेल्यावर मी तिला डाळिंब सोलून दिलं, तेवढंच.

काही आठवड्यांनी मॅडमचा फोन आला. दोन्ही तपासण्या जुळल्या होत्या. तम्माकडं एक बिघडलेली प्रत आहे, तो स्वतः ठणठणीतच राहणार. भाचीचं मात्र सगळं प्रथिन जागेवर, दोन्ही प्रती चांगल्या. या दोघांच्या मुलांना माझा आजार होणार नाही. शास्त्राकडून काही हरकत नव्हती. मी फोन ठेवला. माझ्याच हट्टानं केलेल्या तपासणीनं पोरीचं शेवटचं दार लावून घेतलं होतं.

पुढच्या रविवारी सगळे परत जमले. मी निकाल सांगितला, जसाच्या तसा. खोटं बोलायचं मनात आलं नाही असं नाही, पण ज्या प्रथिनाच्या नसण्यानं माझं बालपण खाल्लं त्याच्याबाबत मी खोटं बोलणार नव्हते. अक्कानं देवापुढं साखर ठेवली. अव्वा इतक्या दिवसांनी माझ्याकडं बघून हसली. भावोजी म्हणाले, उगाच ताप करून घेतला, मी म्हणत नव्हतो का. आणि अप्पा पंचांगाकडं वळले.

भाची दारात उभी होती, माझ्याकडं बघत. मी तिच्याकडं बघितलं नाही. मुद्दामच.

अक्काला काहीतरी जाणवलं असावं. ती लेकीला म्हणाली, अगं, तोंड का उतरलं? तुझ्या मावशीचं बिचारीचं आजारानं राहिलं, तुला काय अडलंय?

हे वाक्य मी इतक्या वर्षांत इतक्या तोंडून ऐकलं होतं. बिचारीचं आजारानं राहिलं. लग्नघरात, देवळाच्या पायरीवर, शाळेच्या स्टाफरूममध्ये. त्या दिवशी मात्र डोक्यावरून पाणी गेलं.

मी म्हणाले, "अक्का, माझं आजारानं राहिलं न्हाय. मैंदर्गीचं स्थळ आलं होतं, त्यांना आजार ठाऊक होता, चालत होता. मला नको होतं. मी नको म्हणाले, आणि अव्वानं जगाला सांगितलं की आजार हाय. नको म्हणायला आजार लागत न्हाय."

अव्वाचा चेहरा उतरला. अप्पांनी पंचांग मिटलं. भावोजींनी घड्याळ बघितलं. मला आता काय काय ऐकावं लागेल याची मी तयारी करत होते, तेवढ्यात भाचीचा आवाज आला. आमच्या घरात जिव्हाळ्याचं आणि भांडणाचं दोन्ही कानडीत निघतं. ती म्हणाली, "ननग ब्याड." मला नको. सरळ आजोबांकडं बघून म्हणाली.

अक्का म्हणाली, आता काय झालं, रक्त तर चांगलं निघालं. भाची म्हणाली, रक्त चांगलं आहे, मामाही चांगला आहे, तरी नको. कारण विचारलं तर एवढंच म्हणाली की मामाशी लग्न करायचं मनात येत नाही. यापेक्षा मोठं कारण मी तरी ऐकलेलं नाही.

मग तम्मा पहिल्यांदा बोलला. म्हणाला, मी तरी कुठं व्हय म्हणालो होतो. मी म्हणाले, नको तरी कुठं म्हणालास? सगळं पोरींनीच म्हणायचं का? तो मान खाली घालून हसला, आणि त्याच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला स्पष्ट दिसलं. अक्का रडायला लागली, भावोजी चिडून बाहेर अंगणात गेले, अप्पा दुकानाच्या किल्ल्या घेऊन निघून गेले. रविवारी दुकान बंद असतं. आता यांचा राग किती महिने चालणार कोण जाणे, आणि चालू दे, मी कुठं जात नाही.

मी स्वयंपाकघरात गेले. अव्वा ओट्याशी उभी राहून माझ्यासाठी कडक भाकरी दुधात कुस्करत होती. रागावली की ती हे करते, मला खायला घालायचं काही चुकवत नाही. मी म्हणाले, अव्वा, तुला लागलं असेल तर लागू दे, पण मी म्हणाले ते खरं आहे. ती कुस्करत राहिली. भाकरीचा लगदा झाला तरी कुस्करतच राहिली.

मग म्हणाली, "मला कुणी विचारलंच न्हवतं. विचारलं असतं तर मी व्हयच म्हणाले असते. तुझे अप्पा चांगलेच हायत की. पण विचारायला पाहिजे होतं."

इतक्या वर्षांत हे मी तिच्याकडून कधी ऐकलं नव्हतं.  ज्या बाईला मी इतकी वर्षं समोरच्या बाजूची समजत आले, ती तर माझ्याही आधीपासून इकडं उभी होती आणि तिला हाक मारणारं कुणी नव्हतं. मी तिच्या हातातली वाटी काढून घेतली. तिनं पदराला हात पुसले.

ती बाहेर गेली. मी दारातून बघत होते. भाची भिंतीला टेकून बसली होती, आता बोलणी खायची म्हणून अंग चोरून. अव्वा तिच्यासमोर खाली बसली, गुडघे दुखतात तरी जमिनीवरच बसली, आणि म्हणाली, "बरं. मग तुला काय पाहिजे?"

भांडणाला पोरीजवळ उत्तरं तयार होती. या प्रश्नाला नव्हतं.  आतून मी ओरडले की तिला विचार करू दे, घाई करू नका. अव्वा म्हणाली, मी कुटं घाई करतीय, आणि तिथंच मांडी घालून बसून राहिली.